वाजविणाऱ्याचे नाव

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांच्या निमित्ताने मला अधूनमधून सुरतेस जावे लागते. या खेपेस दोन दिवस मुलामुलींचे भूप आणि यमन ऐकून झाल्यावर, शनिवारी सायंकाळी, ज्यांच्याकडे मी उतरलो होतो ते यजमान म्हणाले, "मास्तरसाहेब, आज घरी जेवायचे नाही. पलसाण्याला जाऊ. हमरस्त्यावर एक हॉटेल निघाले आहे, अगदी जुन्या मुंबईच्या थाटाचे. शनिवारी तेथे जाझ वाजतो." यजमानांची कापड रंगविण्याची गिरणी आहे. त्यांना जाझची विशेष गोडी आहे असे नव्हे. पाहुण्याला काही नवे दाखवावे एवढाच त्यांचा हेतू. मीही, खरे सांगायचे तर, जेवणाच्या ओढीनेच निघालो. परतताना मात्र मनाला स्वस्थता नव्हती. ती का नव्हती हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा मजकूर लिहीत आहे.

पलसाणा हे नाव बडोदेकरांस अगदी परके नसावे. संस्थान होते तेव्हा तो नवसारी प्रांतातला आपलाच महाल. १९४९ च्या मे महिन्यात बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि पलसाणा सुरत जिल्ह्याकडे गेला. आज तेथे एका बाजूस उसाची शेते, दुसऱ्या बाजूस कापडाच्या गिरण्या आणि मधून मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरून रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी. अशा ठिकाणी जाझ ऐकावयास मिळेल, असे कोणी दहा वर्षांपूर्वी सांगितले असते तर मी हसलो असतो.

आत पाऊल टाकताच माणसाने सत्तर-ऐंशी वर्षे मागे जावे अशी सारी योजना होती. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, छताला लांब दांड्यांचे पंखे, वेताच्या खुर्च्या, दाराशी कर्ण्याचा ग्रामोफोन. भिंतींवर जुन्या मुंबईतल्या हॉटेलांची छायाचित्रे होती: पांढरे कोट घातलेले वादक आणि त्यांच्यापुढे नाचणारी जोडपी. पेले दारूच्या पेल्यांसारखे, पण आत कोकम, कैरी आणि आले-लिंबू. कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा वारसा गुजरातने अजून टाकलेला नाही. वाढणारा मुलगा खानदेशातला निघाला. मी मराठीत पाणी मागितले तेव्हा त्याचा चेहरा फुलला. सुरतेच्या कापडधंद्यात खानदेशची किती माणसे राबतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

मेनूकार्ड पुस्तकासारखे बांधलेले होते. कॉफी कोणत्या डोंगरातल्या बागेची, चीज कोठून आणलेले, पाव कोणत्या पिठाचा, हे सारे त्यात तपशिलाने दिले होते. शेवटच्या पानावर 'शनिवारी जाझ, रात्री आठपासून' एवढे दोन-चार शब्द. कोण वाजविणार, ते नव्हते. त्या वेळी मला ते खटकलेही नाही.

आठ वाजता चार जण येऊन बसले. पियानो, सॅक्सोफोन, ड्रम आणि ज्याला ते नुसता 'बेस' म्हणतात ते माणसाच्या उंचीचे, उभे धरून बोटांनी छेडावयाचे तंतुवाद्य. पियानोवाला आमच्याकडे पाठ करून बसला होता.

ज्या वाचकांचा जाझशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रथम सगळे मिळून एक चाल मांडतात. तो त्यांचा मुखडा समजावा. त्या चालीखाली स्वरसंघांचे, म्हणजे तीन-चार स्वर एका वेळी वाजवून होणाऱ्या मेळांचे, एक ठरलेले आवर्तन असते. बहुधा बारा किंवा बत्तीस मापांचे. मुखडा झाला की एकेक वादक पुढे होतो आणि त्या आवर्तनावर त्याला त्या क्षणी सुचेल ते वाजवितो. शेवटी सर्वजण मुखड्यावर परततात. आपल्या मैफलीहून हे फार दूर नाही. भेद आहे तो पायात. आपला षड्ज तंबोऱ्यात स्थिर असतो आणि गवई त्याच्याभोवती फिरतो; त्यांचा आधारच ठरल्या क्रमाने सरकत राहतो आणि वादकाला त्याच्याबरोबर चालावे लागते. लयीतही एक गंमत आहे. मात्रेचे दोन सारखे भाग न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवतात, त्यामुळे चालीला झोका येतो. त्यांच्या 'ब्लूज' प्रकारात कोमल आणि शुद्ध यांच्या मधला एक गांधार लागतो. ज्यांनी श्रुतींचा विचार केला आहे त्यांना तो ऐकताच ओळखीचा वाटेल.

पहिल्या दोन चिजा होईपर्यंत आमच्या मेजावर सूप आले, कापडाच्या भावाची चर्चा झाली. शेजारी एका मुलाचा वाढदिवस होता. ड्रमवाला एकटाच रंगात येऊन वाजवीत असता त्याला मध्येच थांबविण्यात आले. दिवे मंद झाले, केक आला आणि त्या चौघांनी वाढदिवसाची धून वाजविली. टाळ्या पडल्या, त्या केकला. मग त्यांनी 'टेक फाइव्ह' घेतले. ही रचना पॉल डेझमंड या सॅक्सोफोनवादकाची. डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीने ती १९५९ साली ध्वनिमुद्रित केली. आदल्याच वर्षी ब्रूबेक भारतात येऊन गेले होते आणि मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह त्यांनी वाजविले होते. या चालीला पाच मात्रांचे माप आहे. मी सवयीने मेजाच्या कडेवर झपतालाप्रमाणे दोन आणि तीन मोजू लागलो आणि चुकलो. तेथे तीन आधी, मग दोन. एकदा ते बसल्यावर माझे जेवणावरचे लक्ष उडाले.

पियानोवाल्याची पाळी आली. तो बराच वेळ साध्यासुध्या स्वरांशी खेळत राहिला. मग शेवटी त्याने एक तुकडा घेतला, तोच पुन्हा घेतला, तिसऱ्यांदा घेतला आणि त्या तिसऱ्याच्या अखेरच्या स्वरावर नेमका समेवर आला. ती तिहाई होती. जाझमध्ये ती कोणी शिकवीत नाही. मी खुर्चीतून थोडा उठून पाहिले. पियानोवर माझा विद्यार्थी बसलेला होता.

हा मुलगा माझ्याकडे नऊ वर्षे पेटी शिकला. हाताला फिरत होती, कान तर असा की एकदा ऐकलेली बंदिश दुसऱ्या दिवशी वाजवून दाखवी. सहा वर्षांपूर्वी तो पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, मुंबईला एका हॉटेलात पियानोची नोकरी लागली." मी पेढा हातात धरूनच म्हणालो, "लोक घास तोडत असताना वाजवायचे असेल, तर माझ्याकडे शिकलास हे कोठे सांगू नकोस." तो वाकून नमस्कार करून गेला, तो पुन्हा आला नाही.

आता त्या भिंतीवरच्या छायाचित्रांकडे मी पुन्हा पाहिले. त्यांतील माणसे कोण होती? मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबे हा अमेरिकन कृष्णवर्णी व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या सहवासात आपल्याकडचे वादक तयार झाले, ते बहुतेक गोव्याचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत, त्यामुळे कागद पुढे ठेवला की वाजविता येणारी पोरे तेथे गावोगाव होती. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमधला वाद्यवृंद सांभाळला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवीत. पुढे चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रस्त्यावर, हॉटेलाहॉटेलांतून बँड असत. रात्री हॉटेलात वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, असा या मंडळींचा दिनक्रम झाला.

सिनेमाच्या गाण्यांवर आपण सारे वाढलो. आपले पुणतांब्याचे चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचा १९५१ चा 'अलबेला' आठवा. त्यातल्या गाण्यांना जी उसळी आहे तिच्यात चिक चॉकलेट यांचा वाटा मोठा होता. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे भरघोस वाद्यमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा; तेही फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत असत. या लोकांनी काय लिहिले ते सगळ्या हिंदुस्थानने ऐकले. पण पडद्यावरच्या नामावळीत त्यांचे नाव क्वचितच आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्याचे सर्वांत चमत्कारिक उदाहरण. प्यारेलाल त्यांच्याजवळ व्हायोलिन शिकले. १९५८ साली गोन्साल्विस यांनी आपले राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा मोठा प्रयोग मुंबईत केला. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गाण्यात गुंफले आणि ते घराघरांत पोहोचले. पण लोकांनी ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या विनोदी नायकाचे नाव म्हणूनच ओळखले. ज्याचे ते होते तो माणूस २०१२ साली गोव्यात वारला, तेव्हा त्या नावाचा खरोखरच कोणी वादक होता हे पुष्कळांना प्रथमच कळले.

कोणी म्हणेल, हे झाले हॉटेलवाल्यांचे आणि सिनेमावाल्यांचे. आपल्या दरबारी परंपरेचे तसे नाही. माझाही पुष्कळ दिवस हाच समज होता, आणि तोही वडिलांच्या नावावर.

माझे वडील संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. चौदाव्या वर्षी नोकरीस लागले आणि विलीनीकरण झाले तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. 'दरबारी वादकाचा मुलगा' ही ओळख मी आयुष्यभर कौतुकाने मिरविली आहे. पण अण्णा दरबारात वाजवीत म्हणजे काय करीत? मेजवानी चालू असता वाजवीत. पाहुणे जेवत, आपसात बोलत, आणि दिवाणखान्याच्या एका कडेला बँड कधी विलायती चाली तर कधी आपल्या रागांतल्या धुना वाजवी. सयाजीरावमहाराजांच्या काळात फ्रेडिलिस नावाच्या युरोपीय बँडमास्तरांनी ही शिस्त बसविली होती. लोकांचे घास चालू असताना वाजविणारा पहिला मनुष्य मी पाहिला तो माझ्या घरातच होता, आणि ही साधी गोष्ट पलसाण्याच्या हॉटेलात बसेपर्यंत माझ्या ध्यानात आली नाही.

बडोद्याच्या कलावंत कारखान्याचे नियम अभ्यासकांनी पुढे आणलेले आहेत. गवई-वादक हे पगारी नोकर. त्यांना हजेरी होती, रजेचे अर्ज होते, दंडही होता. आजच्या कानाला हे रुक्ष वाटते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. नोकर असल्यामुळेच त्यांची नावे दप्तरात राहिली. अण्णांच्या ट्रंकेत नेमणुकीचा एक पिवळा कागद होता; त्यावर त्यांचे पूर्ण नाव, वाद्य आणि पगार लिहिलेला होता. विलीनीकरणानंतर ते लग्नाकार्यांत वाजवू लागले तेव्हा तेवढेही उरले नाही. 'बँडवाले' म्हणून बोलवीत, 'बँडवाले' म्हणूनच पैसे देत. एका लग्नात यजमानांनी निरोप पाठविला, जरा हळू वाजवा, पाहुण्यांना बोलता येत नाही. अण्णा ही गोष्ट हसत सांगत आणि म्हणत, "निदान आमचे वाजणे ऐकू आले हे त्यांनी कळविले तरी!"

तेव्हा जेवणाबरोबरचे संगीत हलके आणि मैफलीतले उच्च, ही वाटणी मला आता मान्य होत नाही. देवळात पूजा चालू असता सनई वाजते, लग्नात अक्षता पडताना वाजते. तेथे कोणी श्वास रोखून ऐकत नाही, म्हणून सनई हलकी ठरत नाही. हॉटेलात येणारा मनुष्य जेवावयास आणि चार माणसांशी बोलावयास येतो. त्याने पैसे त्यासाठी दिलेले असतात आणि त्याने बोलू नये असे म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. वादकालाही ते ठाऊक असते. माझे म्हणणे एवढेच आहे की कॉफीच्या बियांचे गाव ज्या कार्डावर छापता येते त्यावर चार माणसांची नावे छापता येतात. त्याला शाई अधिक लागत नाही. भिंतीवर जुन्या वादकांची छायाचित्रे शोभेला लावली आहेत. त्यांच्याखाली, ठाऊक असतील तेथे, नावे लिहिता येतात. आणि आपण जे जेवणारे, त्यांना सबंध संध्याकाळीत एखादी तरी चीज घास खाली ठेवून ऐकता येते, आणि ती संपल्यावर टाळी देता येते. जुन्या काळाचे सोंग आणावयाचे तर फरशी आणि पंखे यांबरोबर एवढी रीतही आणावी.

हे मी यजमानांस सांगितले आणि त्यांनी हॉटेलच्या मालकास बोलाविले. मालक तरुण, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "साहेब, हे कधी सुचलेच नाही." त्यांच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती. नवे कार्ड छापताना नावे घालण्याचे त्यांनी कबूल केले आहे. घालतील असे मला वाटते.

साडेदहाच्या सुमारास वादन संपले. मी मागच्या अंगणात गेलो. चौघे तेथे बाकावर बसून जेवत होते. डाळ, भात, आणि आम्हांला वाढलेल्यांपैकीच एक भाजी. विद्यार्थ्याने मला पाहिले आणि ताट ठेवून उष्ट्या हाताने उभा राहिला. पाया पडावे की हात धुवावा हे त्याला सुचेना. मी म्हणालो, "बैस. आधी जेव." काय बोलावे ते मलाही सुचत नव्हते. शेवटी मी म्हणालो, "तिहाई बरी बसली." तो म्हणाला, "पाचात तीन आधी येतात गुरुजी, म्हणून तुमची होती तशी बसेना. एक मात्रा सोडून उचलली." मग त्याने मेजाच्या फळीवर बोटांनी मला ती उचल दाखविली. दोनदा दाखवावी लागली. एरवी अशी वेळ त्याच्यावर येत असे.

सहा वर्षांपूर्वीच्या बोलण्याची मी त्याच्याजवळ क्षमा मागितली. तो खाली पाहून म्हणाला, "तुम्ही म्हणालात ते मी पाळले. कोणी विचारले तर घरीच शिकलो म्हणून सांगतो." यावर मजपाशी उत्तर नव्हते. मी म्हणालो, "आता पाळू नकोस." आणि त्याच भरात सांगून टाकले, की बडोद्याला गेलो की या वादनावर लिहितो आणि तुम्हा चौघांची नावे छापतो.

त्याचा चेहरा उतरला. "बाकीच्यांची छापा," तो म्हणाला. "माझे नको. घरी ठाऊक नाही. बाबांना वाटते मुंबईला कचेरीत आहे. त्यांना सांगायला मी एकदा घरी गेलो होतो. पण तुमचे मत त्यांच्या कानावर आधीच गेले होते."

वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की नावे छापा म्हणून आग्रह धरणाऱ्या या लेखात त्या रात्रीच्या एकाही वादकाचे नाव आलेले नाही. तिघांची घालता आली असती. पण तिघांची घातली की चौथा कोण, हे बडोद्यात लगेच विचारले जाईल. हा संकोच त्या मुलाने निर्माण केलेला नाही. तो माझ्यासारख्यांनी केलेला आहे. आणि नुसता लेख लिहून तो फिटणारा नाही.

म्हणून या रविवारी मी त्याच्या वडिलांकडे जाणार आहे. गृहस्थ जुन्या वळणाचे आहेत, आणि माझ्या शब्दाला त्यांनी एकदा मान दिलेला आहे. तेव्हा दिला तसा आताही देतील, अशी आशा करतो. अण्णांचा तो नेमणुकीचा कागद बरोबर नेईन म्हणतो. मेजवानीत वाजविणाऱ्या एका मुलाचे पूर्ण नाव त्यावर शाईने लिहिलेले आहे.